लाल वायर बॉडीला

'पत्रक नको, अनुभव लिही,' असं या अंकाच्या संपादकांनी मला दोनदा बजावलंय. त्यांचं बरोबर आहे. मला पत्रकं काढायची खोड आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की माझं एक पत्रक निघतंच. मथळा दर वर्षी वेगळा असतो, मागणी एकच: उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा लावा, दिवा परवडत नसेल तर निदान चमकणारी पट्टी लावा. मी ते कारखान्याच्या गेटवर वाटतो, बाजारात वाटतो, आणि आठवड्याभरानं त्याच कागदात बांधलेली भजी मला मिळतात. कागद पातळ असतो, त्यामुळे मागणीवर तेल लगेच उमटतं.

पण पत्रकावर पोट भरत नाही. सोनईत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाडीत जे दिसत नाही, पण बंद पडलं की माणूस शिव्या घालतो, ते दुरुस्त करायचं हा माझा धंदा. गिऱ्हाइकं एकेक नमुने. एकानं मोपेडला ट्रकचा हॉर्न बसवून घेतला आणि पहिल्यांदा वाजवल्यावर स्वतःच दचकून गटारात गेला. दुसरा एक जण ट्रॅक्टरला समोर सोळा दिवे, आत रंगीत झालर आणि गाण्यांचा डबा बसवून घेऊन गेला. मी म्हटलं, "मागं एक लाल दिवा फुकट लावून देतो." तर म्हणाला, "मागं कोन बघतंय?"

मागं कोण बघतंय! मागं माणूस असतो. या गोष्टीत तो माणूस शांतवन मास्तर होते.

मास्तर म्हणजे पाटाअलीकडच्या वस्तीवरचे निवृत्त शिक्षक. पंचाहत्तरीला आलेले, पण पाठ फळ्यासारखी सरळ. चर्चमध्ये पेटी वाजवतात. डिसेंबर लागला की वस्त्यावस्त्यांवर जाऊन पोरांकडून नाताळची भजनं बसवून घेतात. टाळ, ढोलकी, पेटी, सगळा आपला देशी थाट. पोरं शाळेतून आणि आईबाप रानातून आल्याशिवाय तालीम होत नाही. म्हणजे दिवेलागणीला जायचं आणि अंधारातून परतायचं. पेटी मागं कॅरियरला दोरीनं बांधलेली.

गाडी म्हणजे विलायती मोटरसायकल, साडेतीनशे सीसीची. मास्तरांचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या गोऱ्या डॉक्टरनं मायदेशी जाताना ही गाडी त्यांना दिली. इंजिन अजून असं वाजतं, की डोळे मिटले तर कुणीतरी सावकाश लाकडं फोडतंय असं वाटावं. दिव्याचं मात्र नाव काढू नका. देव्हाऱ्यातलं निरांजन जास्त उजेड देईल.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाबरोबर एक छोटं जनित्र फिरतं, ते वीज करतं, ती बॅटरीत साठते आणि तिच्यावर दिवा लागतो. जुन्या गाड्यांत हे जनित्र म्हणजे डायनामो. तो जोरात फिरला तरच वीज देतो. गाडी हळू झाली की दिवा पिवळा पडतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर माणूस हळूच जातो, म्हणजे जिथं दिसायला पाहिजे तिथंच दिसत नाही. नव्या गाड्यांत अल्टरनेटर असतो. त्यात तांब्याच्या गुंडाळ्या जागेवर घट्ट आणि मधे लोहचुंबक फिरतो. इंजिन नुसतं गुरगुरत असलं तरी भरपूर वीज.

डायनामो बॅटरीचं पोट कधी भरत नसे, म्हणून मास्तरांचा एक नेम होता. बाजाराच्या दिवशी दुकानासमोर गाडी लावायची, बॅटरी स्वतः काढायची, माझ्या हवाली करायची. बाजार करून यायचं, बाकावर बसून चहा घ्यायचा, माझ्या नव्या पत्रकातल्या चुका काढायच्या, आणि भरलेली बॅटरी पुन्हा स्वतःच बसवायची. दुसऱ्यानं हात लावलेला चालत नसे. माझ्या वस्तादांचं दुकान होतं तेव्हापासून हे चालू. मला ते नावानं कधी हाक मारत नाहीत. "काय पुढारी, भरली का?" असंच विचारतात.

दोन हंगामांमागं मास्तर एका तालमीहून परतत होते. पुढं उसाची ट्रॉली उभी होती, चाक पंक्चर, मागं ना दिवा ना पट्टी. मास्तरांचा पिवळा दिवा तिच्यावर पडेपर्यंत ऊस अंगाला लागला होता. मनगट मोडलं, पेटीचा भाता फाटला. लोक म्हणाले, अपघात झाला. मी म्हणतो, अपघात कसला? ट्रॉली काळी, रस्ता काळा, आणि हे ज्यांना माहीत होतं ते सगळे घरी जेवत होते. असो. पत्रक नको.

मनगट जुळलं. भाता शिवला. गेल्या वर्षी डिसेंबरच्या तोंडावर मास्तरांची मुलगी रूथताई दुकानात आली. ती संगमनेरला दवाखान्यात नर्स आहे. तीच वडिलांची एकुलती.

"सोपान, तू रस्त्यात उभा राहून कागद वाटतोस ना?"

"वाटतो, ताई."

"मग मला सांग, ह्या वर्षी बापाला उसाखालून मी काढायचं का तू?"

ती म्हणाली, पुण्याचा एक माणूस जुन्या गाड्या जमवतो, तो गाडी न्यायला तयार आहे. "नाताळच्या आत लाइट अशी झाली पाहिजे, की मी स्वतः मागं बसून वस्तीपर्यंत जाऊन येईन. माझी खात्री पटली तर गाडी राहील. नाही तर तो घेऊन जाईल. पप्पांशी बोलून झालंय."

"नवी गाडी घेऊन द्या की."

"आमच्या ह्यांची दिली होती चालवायला. विचार त्यांना काय झालं ते."

काय झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं. त्या जुन्या विलायती गाडीला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आताच्या गाड्यांना बरोबर उलटं. मास्तर जावयाच्या नव्या गाडीवर बसून निघाले, समोर शेळी आली, मास्तरांनी सवयीनं डावा पाय दाबला. ब्रेकच्या जागी गिअर पडला. शेळी वाचली. मास्तरांना घाणेरीच्या कुंपणातून तिघांनी बाहेर काढलं. म्हणजे प्रश्न सोपा होता. ही गाडी नाही, तर कुठलीच नाही. आणि गाडी नाही, तर पाटापलीकडच्या वस्त्यांवर तालीम नाही.

पुण्याचा माणूस त्याच आठवड्यात गाडी बघायला आला. टाकीवरून हात फिरवत म्हणाला, "डायनामो ओरिजिनल आहे, त्याला हात लावू नका. किंमत त्याचीच आहे."

"त्याच्यावर दिवा लागत नाही," मी म्हटलं.

"दिवा कशाला? हॉलमध्ये ट्यूबलाइट आहे."

मला जे बोलायचं होतं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मास्तरच शांतपणे म्हणाले, "साहेब, चहा घ्या. गाडी अजून नोकरीत आहे."

मी कामाला लागलो. एका नव्या गाडीचा अल्टरनेटर घेतला. पण तो बसवायचा कुठं? इंजिनाच्या डाव्या बाजूला चेनचा बंद डबा असतो, आत तेल. त्यात इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या टोकाला चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळ्यांचं कडं, अशी ती रचना. जुन्या गाडीत दांडा आखूड आणि कड्याला टेकायला जागाच नाही. नगरला एमआयडीसीत एक लेथवाले अण्णा आहेत, त्यांच्याकडं माप घेऊन गेलो.

अण्णांनी माप बघितलं, गाडीचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "म्हातारीला कवळी बसवायची म्हन की."

"बसंल का पण?"

"बसंल. चावंल का, ते तुझं तू बघ."

दांड्याला जोड आणि ॲल्युमिनियमचं एक कडं, दोन्ही त्यांनी करून दिलं. बसवलं, किक मारली, आणि आतून कर्रर्र असा आवाज आला. चुंबक एका बाजूला घासत होता. चुंबक आणि गुंडाळी यांच्यात चारी बाजूंनी सारखी फट लागते, आणि ती केसाएवढी बारीक. मोजायला लोखंडी पट्टी चालत नाही, चुंबक ती ओढून घेतो. मी माझ्या पत्रकाच्या घड्या घालून फटीत सरकवल्या. वरच्या बाजूला तीन पदर सहज जात होते, खालच्या बाजूला एकही नाही. मास्तर शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "तुझ्या पत्रकाचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला."

कडं पुन्हा नगरला नेलं, अण्णांच्या शिव्या खाल्ल्या. "इलायती माप आन देशी घाई!" दुसऱ्यांदा बसलं ते असं, की पत्रकाचे दोन पदर सगळीकडून सारखे फिरले. मग बारा व्होल्टची बॅटरी, वीज आवरणारा रेग्युलेटर, नवा हॅलोजन बल्ब, मागं मोठा लाल दिवा आणि एक फ्यूज. जुना डायनामो पुसून, फडक्यात गुंडाळून मास्तरांच्या हातात दिला. तो त्यांच्या वडलांचा होता, त्याला भंगार म्हणायची माझी छाती नव्हती.

संध्याकाळी दुकानाच्या भिंतीसमोर गाडी लावून दिवा लावला. इंजिन अगदी हळू, आणि भिंतीवर पांढराशुभ्र गोल. पलीकडच्या रसवंतीवाल्यानं डोळ्यांवर हात धरून ओरडून विचारलं, "आरं, कारखाना हितंच सुरू केला का काय?" मास्तर त्या उजेडात जाऊन उभे राहिले आणि स्वतःची सावली बघत राहिले.

"मग आता बॅटरी भरायला काढायची नाही?"

"नाही मास्तर. कधीच नाही. आपली आपण भरती."

मास्तरांनी बॅटरीच्या डब्यावरून एकदा हात फिरवला. मला वाटलं, आनंदानं.

इथं एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बॅटरीला दोन टोकं असतात, अधिक आणि उणे. त्यातलं एक गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडतात, म्हणजे बॉडीच एका वायरचं काम करते. आता सगळीकडं उणे टोक, काळी वायर, बॉडीला जाते. त्या काळच्या विलायती गाड्यांत उलटं: लाल वायर बॉडीला. मी नवीन पद्धतीनं जोडलं होतं. नवे रेग्युलेटर तसेच येतात. आणि पत्रकवाला असल्यामुळे मी बॅटरीच्या डब्यावर छापील सूचनासुद्धा चिकटवली: 'बॅटरी काढू नये. काढल्यास काळी वायर बॉडीला जोडावी.' लाल अक्षरात. आमच्या चळवळीत असंच शिकवतात. सूचना लावली, की आपली जबाबदारी संपली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी ट्रॉलींचं निवेदन घेऊन नगरला गेलो होतो. साहेब मीटिंगमध्ये होते. साहेब मीटिंगमध्येच असतात, मीटिंग कशाची असते हे अजून कुणाला कळलेलं नाही. बाहेर बाकावर बसलो असताना रूथताईचा फोन आला. ती सुट्टी काढून माहेरी आली होती.

"सोपान, तुझ्या त्या नव्या यंत्रातनं धूर निघाला. पप्पा ठीक आहेत. गाडी अंगणात उभी आहे. मी पुण्याला फोन करते."

"ताई, मी येईपर्यंत करू नका."

"ये. पण मला लेक्चर द्यायचं नाही."

गेलो. मास्तर ओट्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे. "सलाम, मास्तर," मी चर्चच्या रीतीनं म्हटलं. "सलाम," हळूच म्हणाले. डबा उघडला. रेग्युलेटर जळालेला, वायरींचं प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटलेलं. लाल वायर बॉडीला. फ्यूज उडाली होती, म्हणजे फ्यूजनं आपलं काम केलं होतं, पण तिच्या जागी मास्तरांनी तांब्याची तार पिळून घातली होती. घराघरात करतात तसं. त्या तारेनं गाडीला वाचायची शेवटची संधीसुद्धा ठेवली नाही.

"मास्तर, बॅटरी काढली कशाला?"

"बाजार होता."

"दुकान बंद होतं ना?"

"म्हणून दुसरीकडं भरली. तो म्हणाला, भरलेलीच आहे. तरी म्हटलं, लाव थोडा वेळ."

"आणि सूचना?"

सूचनेकडं बघितलं तर तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा. दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले, एका ठिकाणी समासात लिहिलेलं: 'अक्षर मोठे हवे.'

"म्हणजे वाचली होती तुम्ही!"

"वाचली रे पुढारी. मी वाचली." त्यांनी दोन्ही तळवे पुढं केले. "ह्यांनी वाचली नाही."

रूथताई दारात उभी होती. मला वाटलं होतं ती भडकेल. तिनं फक्त डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "अशा हातांनी रस्त्यावर गाडी चालवायची का, पप्पा?"

हा प्रश्न खरा होता. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो आणखी मोठ्या अक्षरातल्या सूचनेचा, मग डब्याला कुलूप लावायचा. तेवढ्यात माझं लक्ष मास्तरांच्या पायाकडं गेलं. ते ओट्यावर बसल्या बसल्या, कुठंतरी विचारात, डावा पाय जमिनीवर दाबत होते. ब्रेक. त्या पायासाठी आम्ही ही गाडी ठेवायची म्हणत होतो. नवी गाडी चूक आणि पाय बरोबर, हे आम्ही सगळ्यांनी हसत हसत मान्य केलं होतं. मग हातांनी काय घोडं मारलं होतं?

"ताई," मी म्हटलं, "चूक माझ्या जोडणीची आहे. ह्या गाडीत लाल वायर बॉडीलाच जाते. मास्तरांनी बरोबर लावली. मी ती चूक ठरेल अशी गाडी केली."

"म्हणजे?"

"म्हणजे आता अल्टरनेटर मास्तरांच्या हिशेबानं जोडतो."

होतं तसं. फक्त नेहमीच्या कामात कुणी करत नाही, कारण कुणी मागत नाही. नवा रेग्युलेटर घेतला, पण त्याचं अंग गाडीच्या लोखंडाला कुठंही टेकू दिलं नाही, खाली जाड रबर आणि बोल्टला प्लास्टिकचे वायसर. त्याचं अधिक टोक बॉडीला दिलं, उणे टोक बॅटरीच्या उणेला. बल्बला आणि हॉर्नला उलटसुलट कळत नाही, त्यांना वीज आली म्हणजे झालं. जळालेल्या वायरी पुन्हा ओढल्या. फ्यूजच्या डबीत दोन जादा फ्यूज ठेवल्या आणि घरातली तांब्याची तार मागून घेऊन खिशात घातली. सूचना खरवडून काढली. मास्तर टॉर्च धरून बसले होते. शेवटी मी बाजूला झालो.

"बॅटरी तुम्ही बसवा."

त्यांनी बसवली. डोळ्यांनी नाही, बोटांनीच. लाल वायर बॉडीला, काळी उरलेल्या टोकाला. किक. दिवा. अंगणातल्या शेवग्याचं पानन्‌पान उजळलं.

"उद्या संध्याकाळी मी मागं बसणार," रूथताई म्हणाली. "तेव्हाच खरं."

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडता बुडता आम्ही निघालो. मास्तर, मागं मांडीवर पेटी घेऊन रूथताई, आणि त्यांच्या मागं माझ्या गाडीवर मी. पाटाच्या पुलापलीकडं रस्ता वळतो, तिथं अंधार आधी येतो. वळण संपलं आणि मास्तरांच्या दिव्यात लांबवर एक हिरवट भिंत उभी राहिली. उसाची ट्रॉली. दिवा नाही, पट्टी नाही. पण लांब होती. मास्तरांनी डावा पाय दाबला, गाडी सावकाश आवरली, मग वळसा घालून ट्रॅक्टरच्या पुढं नेऊन आडवी लावली.

"कोण रे? बबन का?"

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. तिशी उलटलेला, मिशा पिळलेला गडी. "व्हय मास्तर."

"खाली उतर."

उतरला.

"ट्रॉलीच्या मागं काय आहे?"

"ऊस हाय, मास्तर."

"आणखी?"

"काय न्हाई."

"काय असायला पाहिजे?"

बबन अंगठ्यानं रस्ता उकरायला लागला. "इंडिकेटर... लाल... पन कारखाना पट्टी देत न्हाई, मास्तर. आमी काय करनार?"

हे उत्तर मी निवेदन घेऊन फिरताना कितीतरी वेळा ऐकलंय, आणि दर वेळी माझं डोकं तडकतं. मी पिशवीतून पत्रक काढायला लागलो. मास्तरांनी हात वर केला. "पुढारी, तुझं पत्रक राहू दे. ती चिकटपट्टी काढ."

माझ्याकडं लाल-पांढऱ्या चमकणाऱ्या पट्टीचं बंडल होतं. बबननं फळीवरची धूळ स्वतःच्या गमज्यानं पुसली आणि मास्तर सांगतील तशी पट्टी लावली. एकदा तिरकी झाली तर मास्तरांनी काढून पुन्हा लावायला लावली. मग मास्तर गाडी मागं घेऊन गेले आणि लांबून दिवा मारला. ट्रॉलीचं मागचं अंग जत्रेतल्या पाळण्यासारखं चमकलं.

"दिसतंय," रूथताई म्हणाली. मला वाटलं, ती ट्रॉलीबद्दल बोलतेय. तिनं फोन काढला आणि पुण्याच्या माणसाला तिथंच उभ्या उभ्या सांगितलं, की गाडी विकायची नाही. तो बहुतेक किंमत वाढवत होता. ती म्हणाली, "नाही हो. ती नोकरीत आहे."

मग ते दोघं तालमीला गेले. मी बबनबरोबर थोडा वेळ थांबलो. त्यानं आणखी पट्टी मागितली. "भावाच्या ट्रॉलीला बी लावतो. त्यो बी मास्तरांच्याच हाताखालचा हाय." आता माझ्या पिशवीत पत्रकं कमी आणि पट्टीची बंडलं जास्त असतात. मागणी मी सोडलेली नाही. पट्टी देणं हे माझं आणि बबनचं काम नाही, हे मी यंदाही छापणार. पण मास्तरांकडून शुद्धलेखन तपासून घेतो.

अल्टरनेटर उत्तम चालू आहे. बॅटरी कायम भरलेली असते. तरी बाजाराच्या दिवशी दुकानासमोर लाकडं फोडल्यासारखा आवाज येतो, मास्तर उतरतात, बॅटरी काढून माझ्या टेबलावर ठेवतात.

"भर थोडी."

मी चार्जरचे चिमटे लावतो. बटण दाबत नाही. मास्तरांना ते दिसतं. ते बाजार करून येतात, बाकावर बसतात, चहा घेतात, पत्रकातल्या चुका काढतात.

"भरली का, पुढारी?"

"भरली, मास्तर."

मग ते बॅटरी स्वतः बसवतात, आणि मी हातातलं काम सोडून बघतो. लाल वायर बॉडीला. बरोबर.